उरलेले पाच टक्के

विभागात त्यांना सगळे ठिपकेबाई म्हणायचे. हजेरीपटावर नाव वेगळं होतं आणि हुद्दा 'प्रयोगशाळा सहायक, काचघर' असा होता. पण बावीस वर्षं एखाद्या बाईने रोज सकाळी टोमॅटोच्या पानांवरचे ठिपके मोजले, तर लोक तिला दुसरं म्हणणार तरी काय? त्यांना त्या नावाचा राग नव्हता. राग यायच्या गोष्टी पुढे वेगळ्याच निघाल्या.

संशोधन संस्थेच्या इमारतीमागे काचेचं एक लांबट घर होतं. आत चार ओळींत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर कुंड्या, प्रत्येक कुंडीत एक झाड आणि मातीत खोचलेली पट्टी. पट्टीवर फक्त आकडा. झाडांवर वेगवेगळ्या बाटल्यांमधली औषधं फवारायची, दोन दिवस थांबायचं, मग करप्याच्या बुरशीचं पाणी फवारायचं आणि सहाव्या दिवशी प्रत्येक पानाला गुण द्यायचे. शून्य म्हणजे पान नितळ. पाच म्हणजे पान गेलं. शाळेच्या अगदी उलट. बाटल्यांवरही आकडेच असायचे. कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्या बाटलीत साधं पाणी हे बाईंना ठाऊक नसायचं; ठाऊक असू नये असाच नियम होता, आणि तो नियम बाईंनी स्वतःच्या तब्येतीपेक्षा जास्त जपला होता.

नव्या विद्यार्थ्यांना त्या पहिल्याच दिवशी तंबी द्यायच्या. "सकाळी आठ ते दहा. ऊन चढलं की पान लोंबतं, आणि लोंबलेलं पान उगाच आजारी दिसतं. उपाशीपोटी गुण द्यायचे नाहीत, माणूस निष्ठुर होतो. आणि शेजारच्या कुंडीकडे बघून तर अजिबात नाही. पाचाचं पान बघून आलेला डोळा तिनाच्या पानाला दोन देतो. दया आली की आकडा बिघडला."

आकडे छापील तक्त्यात भरून ऑफिसात जायचे. बाकी जे दिसेल ते बाई स्वतःच्या डायरीत लिहून ठेवायच्या. खिडकीची काच फुटली, मावा पडला, नवी माती आली, बाटलीचं बूच सैल होतं. ते कुणी मागितलं नव्हतं, कुणी वाचतही नव्हतं.

सतरा नंबरची बाटली आली तेव्हा तिचं कुणालाच कौतुक नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या केमिस्ट मॅडमने ते औषध तयार केलं होतं. काचेच्या बशीत बुरशी वाढवून तिच्यावर थेंब टाकून बघितला, तर बुरशी ढिम्म हलली नाही. उलट थेंबावरूनच पसरत गेली. दुसऱ्या कुणी ती बाटली ओतून दिली असती. पण काचघरात गंमत झाली. सतरा नंबर फवारलेल्या झाडांना बाईंनी एक, शून्य, एक, एक असे गुण दिले, आणि शेजारची झाडं चार-पाचावर आडवी पडलेली. बाईंनी विभागप्रमुखांना, म्हणजे मोठ्या सरांना, काचघरात बोलावून आणलं. सर भिंग घेऊन तासभर वाकून बघत राहिले. औषध बुरशीला मारत नव्हतं. ते झाडालाच जागं करत होतं. हल्ला व्हायच्या आधीच झाड आपली तयारी करून बसत होतं.

त्यावर सरांचा पेपर मोठ्या नियतकालिकात छापून आला. औषधाच्या रेणूचं चित्र मुखपृष्ठावर झळकलं. सरांच्या मुलाखती झाल्या, विभागाचा फोटो निघाला. फोटोत बाई शेवटच्या रांगेत, अर्ध्या एका खांबाआड होत्या. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. घरी नवऱ्याला फोटो दाखवून त्या म्हणाल्या, "हा कोपर दिसतोय ना, तो माझा."

दोन वर्षांनी माशी शिंकली. दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेने तेच औषध विकत घेऊन तोच प्रयोग केला आणि नियतकालिकाला कळवलं, आमच्याकडे सगळी झाडं करपली, काहीही उपयोग झाला नाही. सरांनी घाईघाईने तेच औषध बाहेरून मागवलं आणि बाईंना पुन्हा प्रयोग लावायला सांगितला. सहाव्या दिवशी बाईंनी गुण दिले. चार. पाच. चार. पाच. पाच.

सर स्वतः काचघरात आले. "पुन्हा एकदा बघा बाई."

"सर, पान मेलंय. पुन्हा बघून ते उठणार आहे का?"

आठवड्याने सरांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "बसा ना बाई." बावीस वर्षांत सरांनी त्यांना कधी बसा म्हटलं नव्हतं. तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. 'पहिल्या प्रयोगात गुण देताना माझ्याकडून अनवधानाने चुका झाल्या. कुंड्यांच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे.' खाली सहीसाठी रेघ, रेघेखाली बाईंचं नाव.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "पट्ट्या मी बदलल्या?"

"बदलल्या असं नाही म्हटलेलं. शक्यता आहे, असं म्हटलंय."

"मग सर, तुम्हीच सही करा. तुमच्याकडून बदलल्या असण्याचीही शक्यता आहेच की."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मायेने समजावत असल्यासारखे म्हणाले, "हे बघा, नियतकालिकाला काहीतरी कारण द्यावं लागणार. संस्थेचं नाव पणाला लागलंय. तुम्हाला बाहेर कोण ओळखतं? तुमचं काय बिघडणार आहे?"

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ओरडल्या नाहीत. कागद उलटा करून टेबलावर ठेवला, उठल्या, आणि दार आपल्यामागे नीट लावून घेतलं. ऊन, थंडी, घरातली दुखणी, सासऱ्यांचं जाणं, कशाकशात एकही सहावा दिवस न चुकवलेली बाई ती. आणि तिचं काय बिघडणार?

दुसऱ्या दिवशी सरांच्या सहीचा मेमो हातात पडला. 'आपल्या निरीक्षणाच्या अचूकतेवर भरवसा ठेवता येत नाही, असे दिसून आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.' प्रत वैयक्तिक फायलीत.

बाईंचे यजमान कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडावर खडूने रेघ मारली की ती हललेली त्यांना खपायची नाही. त्यांनी मेमो वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "अक्काला बोलावतो." अक्का म्हणजे बाईंची थोरली नणंद. कोर्टात पस्तीस वर्षं टायपिस्ट होती, आता निवृत्त, आणि दोन गल्ल्या सोडून राहायची. संध्याकाळी ती आली, चहाचा कप बाजूला सरकवला, आणि मेमो दिव्याखाली धरला.

"हे लिहिलंय कुणी? भरवसा ठेवता येत नाही म्हणे! कुणाला येत नाही? कधीपासून? कशावरून? दिसून आले आहे म्हणे. कुणाला दिसलं, आरशात?" अक्काने कागद टेबलावर आपटला. "असलं पत्र आमच्या साहेबांपुढे गेलं असतं ना, तर लिहिणाऱ्याला आधी शुद्धलेखन लिहायला बसवलं असतं."

"मी त्यांना तोंडावर सांगून येते," बाई म्हणाल्या. "सगळ्या विभागासमोर."

"काही सांगू नकोस. सांगितलेलं हवेत जातं. राग पोटात ठेव आणि प्रश्न कागदावर उतरव. पण त्याआधी मला एक सांग. पहिल्या वेळी झाडं वाचली, दुसऱ्या वेळी मेली. तुझे डोळे तेच. मग बदललं काय?"

बाईंनी उठून शिवणयंत्राखालची पत्र्याची पेटी ओढली आणि दोन डायऱ्या काढल्या. पहिल्या प्रयोगाच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'बा. १७. पाणी किंचित पिवळट. जुन्या वार्निशसारखा वास.' दुसऱ्या प्रयोगाच्या पानावर: 'बा. १७, नवी. पाण्यासारखी स्वच्छ. वास नाही.'

अक्का दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत राहिली. "हे तू तुझ्या सरांना दाखवलंस?"

"त्यांनी कधी विचारलंच नाही."

सकाळी काचघराचं काम उरकून बाई वरच्या मजल्यावर गेल्या. केमिस्ट मॅडम पस्तिशीची होती, बोटांवर रसायनांचे तपकिरी डाग, चष्मा केसांत खोचलेला. बाईंना बघून ती दचकलीच.

"मॅडम, पहिल्या वेळचं सतरा नंबर तुम्ही केलं होतं ना?"

"हो."

"ते पिवळट होतं."

"किंचित." मॅडम सावध झाली. "दुसऱ्या वेळचं बाहेरून आणलं. नव्व्याण्णव पूर्णांक आठ टक्के शुद्ध. माझ्यापेक्षा चांगलं."

"तुमचं किती शुद्ध होतं?"

"पंच्याण्णव. असल्या कामाला तेवढं चालतं."

"आणि उरलेले पाच?"

मॅडमने हातातली नळी स्टँडवर ठेवली. "उरलेले पाच म्हणजे कचरा, ताई. कुठलीही क्रिया केली की थोडं भलतंच तयार होतं. कढईच्या बुडाला लागतं तसं."

"कढईच्या बुडाचंच कधीकधी सगळ्यात चवीचं असतं," बाई म्हणाल्या.

मॅडमने शेजारच्या टेबलाकडे एकदा बघून घेतलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी सरांना म्हटलं होतं. दीड महिना झाला. माझ्या जुन्या औषधाची थोडी भुकटी फ्रीजमध्ये आहे, ती तपासून बघू या, गुण कदाचित त्या पाच टक्क्यांत असेल. सर म्हणाले, तसं निघालं तर मुखपृष्ठावरचं रेणूचं चित्रच चुकीचं ठरेल. आता तो विषय काढू नका."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"शंका होती."

"शंका औषधाची होती आणि खापर फोडलं माझ्या डोळ्यांवर?"

मॅडमने मान खाली घातली. "माझी नोकरी कायम नाही, ताई. मी गप्प बसले."

"तुमची नोकरी कायम नाही म्हणून मी आंधळी ठरायचं का?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "तुम्ही शिकलेल्या. मला रेणूतलं ओ की ठो कळत नाही. पण पिवळं आणि पांढरं मला कळतं, आणि तुम्हालाही कळत होतं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना तिची दया आली नाही, आणि ती आली नाही म्हणून वाईटही वाटलं नाही. त्या खाली निघून आल्या. अक्काने टाइप केलेला खुलासा त्यांनी त्याच दिवशी ऑफिसात दिला, पोच घेतली. खुलाशात तीनच प्रश्न होते: चूक कोणत्या तारखेला, कोणत्या कुंडीत आणि कोणाला दिसून आली?

चार दिवसांनी मॅडम आपणहून काचघरात आली. सरांना न विचारता तिने फ्रीजमधली जुनी भुकटी काढली होती, विरघळवून पांढऱ्या बारीक पुडीने भरलेल्या काचेच्या नळीतून सोडली होती. नळीतून उतरता उतरता मिश्रणातले पदार्थ वेगळे होतात; तसे झाले. पुढे आलं ते शुद्ध औषध. मागे रेंगाळला तो एक बारीकसा पिवळा पट्टा. तिने दोन्ही वेगळ्या बाटल्यांत धरले होते.

"तिसरी बाटली साध्या पाण्याची. साठ झाडं लावू या, ताई. गुण तुम्ही द्या."

"मी पानाला बोटही लावणार नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही असं लेखी आहे."

मग बाईंनीच तोड काढली. संस्थेचे ग्रंथपाल, टेलिफोनवरच्या बाई आणि गाडीचे ड्रायव्हर, तिघांना त्यांनी दोन सकाळी दुसऱ्या झाडांवर शिकवून तयार केलं. कुठला आकडा कुठल्या बाटलीचा हे लिहिलेलं पाकीट मॅडमने बंद करून दारावरच्या रक्षकाकडे ठेवलं. सहाव्या दिवशी आठ वाजता तिघं एकामागून एक आत गेले. बाई काचेबाहेर उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत त्या पहिल्यांदाच सहाव्या दिवशी बाहेर होत्या, आणि ड्रायव्हरने एका कुंडीपुढे जरा जास्त वेळ लावला तेव्हा त्यांनी पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं की शिवण उसवली.

दहा वाजता तिघांचे तक्ते शेजारी ठेवले. फरक असा नव्हताच. कुठे तिघांतल्या एकाने दोनऐवजी तीन दिले होते, एवढंच. रक्षकाने पाकीट फोडलं. साधं पाणी: चार, पाच. शुद्ध औषध: चार, पाच. पिवळा पट्टा: शून्य, एक, शून्य, शून्य.

टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे कचराच औषध निघाला की!" ड्रायव्हरने टाळी वाजवली. ठिपकेबाई मात्र बाकावर जाऊन बसल्या. त्यांना हसू येत नव्हतं. एका आठवड्याचं काम होतं हे. कुणीही, कधीही करू शकलं असतं. त्यापेक्षा एका बाईला खोटं ठरवणं लोकांना सोपं वाटलं होतं.

निकाल संचालकांकडे गेला. तिथे मोठे सर आधीच बसलेले, आणि चेहरा असा खुललेला की बाईंना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच खोलीत आलो.

"अहो, हे तर पहिल्यापेक्षा मोठं आहे!" सर म्हणत होते. "शुद्ध औषध निकामी आणि त्याच्यातली अशुद्धी झाडाला जागं करते! यावर दोन पेपर होतील. बाई, शाबास. तुमच्या डायऱ्या आमच्या फार उपयोगी पडल्या."

"मेमोचं काय?" बाईंनी विचारलं.

"ते संपलं आता. सोडून द्या."

"संपलं नाही. माझ्या फायलीत आहे."

संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "आम्ही सांगतोय ना बाई, तुमच्यावर कुणाचाही संशय नाही."

"साहेब, माझे डोळे काढून घेतले ते लेखी, आणि परत द्यायचे ते तोंडी?"

संचालकांनी खिडकीबाहेर बघितलं, सरांनी घड्याळाकडे.

मेमो रद्द व्हायला अकरा आठवडे लागले. अक्काने चार स्मरणपत्रं टाइप केली, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन ओळींनी लहान आणि दुप्पट जहाल. शेवटी आलं ते पत्र एका ओळीचं: 'सदर ज्ञापन रद्द समजण्यात यावे.' का दिलं होतं, का रद्द केलं, चूक कुणाची, अवाक्षर नाही. सरांनी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली, तीत 'नमुन्यातील अशुद्धी' एवढेच शब्द होते. सरांवर ओरखडाही आला नाही. वर्षअखेर ते उपसंचालक झाले.

नवा पेपर मॅडमने लिहिला. बाईंचं नाव लेखकांत घातल्याशिवाय आपण सही करणार नाही, असं तिने या वेळी सरांना सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ती मागे सरली नाही. नाव चौथं आलं. पण संस्थेच्या वार्षिक अहवालात संशोधनाची यादी छापली तेव्हा त्या नावावर एक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत: 'शास्त्रज्ञ नाही.' बाई अहवाल घेऊन ऑफिसात गेल्या. कारकून म्हणाला, फॉर्ममध्ये तसा रकानाच आहे, मी काय करू? बाई म्हणाल्या, "बरोबर. इथे कुणीच कधी काही करत नाही. रकानेच करतात सगळं."

पुढच्या हंगामात बाहेरचे पाहुणे आले. सर त्यांना घेऊन काचघरात शिरले. पाहुण्यांत एक वयस्कर शास्त्रज्ञ बाई होत्या, पांढरे केस, हातात काठी. सरांनी ठिपकेबाईंच्या खांद्याकडे हात करून मोठ्या तोंडाने सांगितलं, "आणि या आमच्या बाई. यांची नजर म्हणजे आमचं सगळ्यात अचूक यंत्र!"

बाईंच्या हातात भिंग होतं. त्यांनी ते मांडणीवर ठेवलं.

"सर, याच नजरेवर भरवसा ठेवता येत नाही असं तुम्ही मला लिहून दिलं होतं."

सर हसले. "बाईंचा स्वभाव विनोदी आहे."

"मी विनोद करत नाहीये. ते चूक होतं, एवढं या पाहुण्यांसमोर म्हणा. मग मी पुढची कुंडी दाखवते."

एका पाहुण्याने टायची गाठ सारखी केली. सर दाराकडे बघत होते, पण दाराच्या वाटेवर बाईच उभ्या होत्या. पांढऱ्या केसांच्या शास्त्रज्ञ बाईंनी काठी पुढे टेकवली आणि सरांना सरळ विचारलं, "असं लिहिलं होतं तुम्ही?"

"हो," सर म्हणाले. मग थांबून, कुणाकडेही न बघता, "ती चूक होती. माझी."

बाईंनी भिंग उचललं. "ही बावन्न नंबरची कुंडी," त्यांनी सुरुवात केली, आणि पाऊण तास त्या बोलत राहिल्या. ठिपका पानाच्या शिरेवर कसा अडतो, जागं झालेलं झाड ठिपक्याभोवतीच्या पेशी आपणच मारून टाकून रोगाची वाट कशी बंद करतं, हे त्यांनी भिंगाखाली एकेकाला दाखवलं. शास्त्रज्ञ बाईंनी वाकून बघितलं आणि प्रश्न विचारले, आणि उत्तरं ऐकताना सरांकडे एकदाही बघितलं नाही.

सगळे गेल्यावर बाई नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. मनासारखं झालं होतं, पण मन निवलं नव्हतं. चार शब्द होते ते, आणि ते सुद्धा दुसऱ्या कुणीतरी विचारल्यावर निघाले होते. त्यांनी हात पुसले. पंचवीस कुंड्यांचे गुण द्यायचे राहिले होते आणि दहा वाजून गेले होते. ऊन चढलं होतं, पानं लोंबायला लागली होती. आज घेतलेला आकडा खरा निघाला नसता. त्यांनी तक्त्यावर त्या कुंड्यांपुढे रेघ मारली, डायरीत कारण लिहिलं, 'पाहुणे', आणि कुलूप लावून बाहेर पडल्या.